मदत हवी आहे: नॉयर कॉमिक काढतेय, पण पान नुसतं काळवंडतंय

शेवटची_गाडी:

नमस्कार मंडळी.

आधी माझी पात्रता सांगून टाकते. शाळेत दिलेली इंटरमिजिएट, ब श्रेणी. त्यानंतर पेन्सिल हातात आली ती मुलाच्या प्रकल्पवह्यांपुरती. पण तीन-चार वर्षं डोक्यात एक गोष्ट घोळतेय. तालुक्याच्या गावातलं एसटी स्टँड, रात्रीचे साडेअकरा, शेवटची गाडी यायचीय. बाकावर एक बेवारस पत्र्याची ट्रंक. आणि निवृत्त होऊनही रोज रात्री स्टँडवर येऊन बसणारा एक कंट्रोलर. १६ पानांचं नॉयर, म्हणजे काळोख्या गूढकथेचं, कॉमिक करायचं ठरवलंय. राखाडी अजिबात नाही, फक्त काळं आणि पांढरं.

तीन पानं झाली आणि तिन्ही फसली. पेन्सिलीत बरं दिसतं, शाई लागली की बिघडतं. मी आधी सगळ्या कडा पेनाने काढून घेते, मग जिथे अंधार असेल असं वाटतं तिथे ब्रशने काळं भरते. दर चौकटीत थोडं इथे, थोडं तिथे. रात्र वाटायच्या ऐवजी कागदावर दौत सांडल्यासारखं दिसतं. चेहऱ्याची तर वाटच लागते. शेडिंगची सवय सुटत नाही, म्हणून गालावर बारीक रेघांचं जाळं विणत बसते आणि लांबून बघितलं की कंट्रोलरच्या तोंडावर देवीचे व्रण असल्यासारखे वाटतात. नवऱ्याने पान बघून विचारलं, "लाइट गेलेत का गोष्टीत?" गेलेले नाहीत हो.

तर काळं कुठे टाकायचं हे ठरवतात कसं? शिवाय ब्रशला टोक राहत नाही आणि कागदावर शाई फुटते, यात चूक माझी की सामानाची?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काजळी:

टाकतो, पण एकाच बाजूने. तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे.

एक विचारू? घरी ट्यूबलाइटखाली बसून, आजूबाजूला बघत काढता ना? चार फुटी ट्यूब म्हणजे चार फूट लांबीचा दिवा. त्याच्या सावलीला कडाच नसते, सगळं मऊ, पसरट. आपल्याकडच्या बहुतेकांचे डोळे याच उजेडात घडलेत, त्यामुळे सावलीला धारदार कड असते हेच विसरायला होतं. आज रात्री ट्यूब बंद करा. मोबाइलचा टॉर्च लावून तो फोन फडताळावर कुठेतरी उंच ठेवा, नवऱ्याला खुर्चीत बसवा (लाइट गेलेत का म्हणाला ना, आता घालवाच) आणि दुसऱ्या फोनने फोटो काढा. टॉर्चचा ठिपका लहान, म्हणून सावली सुरीने कापल्यासारखी येते. नाकाची सावली ओठावर कुठपर्यंत जाते, डोळ्याची खोबण कधी पूर्ण बुडते, चष्म्याच्या काडीची सावली कानशिलावर कशी वळते, हे मनाने काढता येत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

आता इंटरमिजिएटबद्दल. तिथे स्थिरचित्रात आपल्याला शिकवलं की उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू जायचं. मडक्याला सात-आठ छटा दिल्या की बाई खूश. इथे छटा दोनच. म्हणजे मधल्या प्रत्येक छटेने कुठल्यातरी पक्षात जायचं, अपक्ष राहायची सोय नाही. माझा ठोकताळा असा: दिव्याची किरणं जिथे पोहोचतात ते सगळं पांढरं, मग ते कितीही मळकट दिसो. जिथे पोहोचत नाहीत ते सगळं काळं, मग तिथे भिंतीवरून परतलेला थोडा उजेड दिसत असला तरी. त्या परतलेल्या उजेडाचा मोह सोडलात की गालावरचं जाळं आपोआप जाईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कडा आधी काढू नका. चेहऱ्याची काळी बाजू आणि मागची काळी भिंत यांच्यामध्ये रेघ कशाला हवी? दोन्ही एकमेकांत विरघळू द्या. वाचकाला एक कान, अर्धं नाक आणि टोपीची कड दिसली तर उरलेलं डोकं तो स्वतः पुरवतो. तुम्ही आधी सगळी बाह्यरेषा काढता आणि मग रंगवायच्या पुस्तकासारखं आत काळं भरता, म्हणून ते भरलेलं दिसतं.

आडवा_तिडवा:

एवढा खटाटोप कशाला? टॅब घ्या. शाई फुटत नाही, ब्रश मोडत नाही, चुकलं की अनडू.

काजळी:

@आडवा_तिडवा, टॅबवर माझंही काम चालतं, वाईट काही नाही. पण अनडू आहे म्हटल्यावर माणूस काळं टाकायला घाबरत नाही आणि ठरवतही नाही. त्यांचा प्रश्न ठरवण्याचा आहे.

दौत:

सामानाचं मी सांगते, कारण यात माझे बरेच पैसे बुडालेत.

शाई फुटते तो दोष कागदाचा. वहीचा किंवा झेरॉक्सचा कागद शाई पितो. साधा कार्ट्रिज पेपरही जाड ब्रश फिरवला की काही वेळा केसाळ कड देतो. आयव्हरी शीट घ्या, गुळगुळीत असते आणि स्वस्त पडते. पानं अंतिम करायची झाली की ब्रिस्टल, म्हणजे जाड गुळगुळीत चित्रकागद. विकत घेण्याआधी दुकानातच कोपऱ्यावर एक ठिपका टाकून बघा, दुकानदार कुरकुरला तरी.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या. कॅम्लिनची चालते. बाटली हलवून वापरा, नाहीतर वरची पातळ शाई लागते आणि काळ्याचा तपकिरी होतो. ही शाई फाउंटन पेनात किंवा ब्रशपेनात मात्र चुकूनही भरू नका. तिच्यातला चिकट अंश सुकला की पेन कायमचं जाम.

ब्रशला टोक राहत नाही याचं कारण बहुधा तुमची शाईत बुडवायची पद्धत. धातूच्या पट्टीपर्यंत बुडवलात की शाई मुळाशी जाऊन सुकते आणि केस फाकतात. निम्म्यापर्यंतच बुडवायचा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पाण्यात खळबळून घ्यायचा. काम संपलं की साबणाने धुऊन, बोटांनी टोक करून ठेवायचा. पाण्याच्या ग्लासात उभा सोडलात तर गेलाच तो. २ किंवा ३ नंबरचा एक बरा गोल ब्रश रेषेसाठी ठेवा, आणि मोठी काळी जागा भरायला जुना, टोक गेलेला. चांगल्या ब्रशने भराई करणं म्हणजे पैठणी नेसून सारवण.

पांढऱ्यासाठी पोस्टर कलरचा पांढरा, दाटसर. काळं पूर्ण सुकल्यावरच.

पेठेतला_मी:

धागा छान चाललाय. एक सराव सुचवतो. काळा कार्डपेपर आणा आणि त्यावर फक्त पांढऱ्याने काढा. पांढरं जेलपेन चालेल, पोस्टर कलर उत्तम. मी हे लिनोकट, म्हणजे लिनोलियमची पाटी कोरून छाप घेताना शिकलो. तिथे पाटी मुळातच काळी छापणार असते, तुम्ही कोरता तो उजेड. दोन आठवडे असं केलं की 'अंधार कुठे भरू' हा प्रश्न मागे पडतो आणि 'उजेड कुठे पडू देऊ' असं डोकं चालायला लागतं.

काही बघायचं असेल तर मिल्टन कॅनिफ आणि नोएल सिकल्स. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दोघे एकाच स्टुडिओत बसून वर्तमानपत्रांसाठी रोजच्या चित्रपट्ट्या काढत. रोजचं काम, वेळ कमी, छपाई न्यूजप्रिंटवर. बारीक रेघांची नक्षी अशा छपाईत मरते, ब्रशचे मोठे काळे डाग जगतात. सिकल्सने ती वाट पाडली, कॅनिफने तिचा रस्ता केला.

त्यानंतर अर्जेंटिनावाले. आल्बेर्तो ब्रेच्चियाने ब्रशबरोबर दाढीचं ब्लेडसुद्धा चित्रासाठी वापरलं. त्याचा विद्यार्थी होसे मुन्योस. कार्लोस साम्पायोबरोबर त्याने १९७५ पासून न्यूयॉर्कमधल्या एका खासगी गुप्तहेराच्या गोष्टी केल्या. त्यातले काळे डाग बेढब, वाकडेतिकडे, जणू माणसंच कुजताहेत. लोक नॉयर कॉमिक म्हटलं की फ्रँक मिलरचं १९९१ मध्ये सुरू झालेलं 'सिन सिटी' बघतात आणि तिथेच थांबतात. मला विचाराल तर शिकणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये. त्यात इतकं गाळलेलं आहे की काय गाळलं हे आपल्याला कळतच नाही, आणि आपण नुसते पाऊस आणि ओव्हरकोट उचलतो.

घरच्या घरी करायचं तर व्ही. के. मूर्तींचं छायाचित्रण बघा. 'कागज़ के फूल' (१९५९) थांबवत थांबवत बघायचा आणि प्रत्येक थांब्याचं काडेपेटीएवढं चित्र जाड मार्करने काढायचं. त्यात स्टुडिओतला तो प्रसिद्ध झोत उन्हाचा आहे, आरसे लावून आत घेतलेला.

शेवटची_गाडी:

बाप रे, काय काय मिळालं! सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्री टॉर्चचा प्रयोग केला. नवरा खुर्चीत, फोन फडताळावर, मुलगा हसून लोळतोय. फोटो बघून मी गप्पच झाले. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं भोक, आणि तरीही माणूस ओळखू येतोय! उलट रोजच्यापेक्षा जास्त ओळखू येतोय. त्यावरून एक चेहरा बाह्यरेषा न काढता केला. हनुवटी थोडी घसरली, पण देवीचे व्रण गेले.

आता पुढची अडचण. आमच्या स्टँडवर खऱ्या आयुष्यात ट्यूबलाइटच आहेत, आठ-दहा. मग तिथे एकच दिवा दाखवणं खोटं नाही का?

काजळी:

आठपैकी सात बंद पडलेल्या दाखवा, कुणीही आक्षेप घेणार नाही.

पण गंमत म्हणजे तुमच्या गोष्टीत याहून भारी दिवा फुकट मिळालाय. येणाऱ्या गाडीचे हेडलाइट. उंची कमरेएवढी, झोत आडवा, सावल्या थेट मागच्या भिंतीवर. गाडी माणसाजवळ येईल तशी भिंतीवरची सावली मोठी होत जाते. मग गाडी दाखवायची गरजच नाही. तीन चौकटी घ्या. तोच कंट्रोलर, तोच बाक, तीच ट्रंक. पहिल्या चौकटीत सावली माणसाएवढी, दुसरीत छतापर्यंत, तिसरीत अख्खी भिंत काळी आणि त्याच्या शेजारी ट्रंकेचं कुलूप तेवढं पांढरं. गाडी वळते तेव्हा सावल्या उलट्या दिशेला सरकतात, तेही वापरता येईल. खिडकीचे गज किंवा चौकशीच्या खिडकीची जाळी मध्ये आली तर भिंतभर पट्टे मिळतील. ते मात्र जपून, नॉयरमध्ये पट्टे म्हणजे मिसळीवरचा फरसाण.

आणि चौकट वेगळी बघू नका, पान बघा. पान उलटं धरून, डोळे किलकिले करून बघायचं. काळ्याचे तीन-चार मोठे गठ्ठे दिसले तर ठीक. सगळीकडे सारखे ठिपके दिसले तर पुन्हा काडेपेटीएवढ्या चित्रापासून सुरुवात. एखादी चौकट जवळजवळ कोरी सोडायचं धाडस करा, शेजारची काळी चौकट तिच्यामुळेच काळी वाटते.

दौत:

फुग्यांचं कुणी बोललंच नाही. संवादाचा फुगा म्हणजे काळ्या चौकटीतला सगळ्यात मोठा पांढरा डाग. तो शेवटी चिकटवायचा म्हणाल तर ठरवलेली सगळी प्रकाशयोजना कोलमडते. काडेपेटीएवढ्या चित्रातच फुगे धरा.

देवनागरीला जागाही जास्त लागते. वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर हवंच. आणि काळ्यावर पांढरी अक्षरं करायची हौस असेल तर अक्षर चांगलं जाड घ्या, कारण छापताना काळं आत सरकतं आणि ध, भ, ष यांच्या गाठी बुजतात. मी एकदा अख्ख्या पानाचं निवेदन असं केलं होतं. 'धुकं' कुणालाच वाचता आलं नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि मग थ्रेशोल्ड, म्हणजे राखाडी काढून नुसतं काळं-पांढरं करायची सोय. क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, गिंपमध्येही आहे, दोन्ही फुकट. पीएनजीत ठेवा, जेपेगमध्ये काळ्याच्या कडेला कचरा येतो. झेरॉक्सवर छापणार असाल तर आधी एकच पान काढून बघा. मोठं काळं तिथे बऱ्याचदा पट्टेरी येतं.

शेवटची_गाडी:

@काजळी, तीन चौकटींची कल्पना वापरतेय, हे आत्ताच कबूल करते. आज सकाळी नवऱ्याने आपणहून विचारलं, "रात्री परत बसायचंय का?" त्याला सांगितलंय की आज ट्रंक पण लागणार आहे. माळ्यावर आईची आहे एक, पत्र्याची, कडी तुटलेली.

पहिली तीन पानं बाद केली. आज आयव्हरी शीट आणि काळा कार्डपेपर आणला. कोपऱ्यावर ठिपका टाकला तेव्हा दुकानदार खरंच कुरकुरला. नव्याने पहिलं पान झालं की इथेच टाकते.