एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रेशन नको, रोजचा डबा द्या: पटतंय का?

चाळकरी
मुंबई-पुण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला प्राधान्य कार्डावर महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं. कागदावर भूक मिटली. प्रत्यक्षात गहू गिरणीत न्यायचा, दळणाचे पैसे मोजायचे, पिशवी तीन जिने चढवायची आणि मग कणीक मळायची. बोटं संधिवाताने वाकलेली असली की लाटणं धरवत नाही. दळण लांबतं, गव्हाला कीड लागते आणि जेवण चहा-पावावर येतं. म्हणून सत्तरीपुढच्या एकट्यांना धान्याऐवजी शिजवलेला डबा दारात द्यावा. राज्य सरकारची स्वस्त शिवभोजन थाळी २०२० पासून आहेच. शहरात थाळीमागे ५० रुपये धरलेत, त्यातले १० जेवणारा देतो. त्यात पोचवणावळ घाला, झालं.

आहारवाली
आधी थाळीचं माप बघा. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. सगळं मिळून ५००-५५० कॅलरी. पाच किलो धान्य म्हणजे रोजचं १६५ ग्रॅम, तेही ५७०च्या आसपास. धान्य काढून घेऊन एक डबा दिलात तर दमणूक वाचेल, पोटात जास्त काही जाणार नाही.

खरी तूट प्रथिनांची आहे. ५० किलो वजनाच्या म्हातारीला रोज ५० ग्रॅम तरी हवीत, या धान्यातून जेमतेम १५ येतात. ५० ग्रॅम तूरडाळीत ११, एका अंड्यात ६. दोन्ही विकत. शिवाय दुपारच्या डब्यातलं अर्धं रात्रीसाठी झाकून ठेवलं जातं, हे गृहीतच धरा. फ्रिज नसलेल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात वरण संध्याकाळपर्यंत आंबतं. दात नसतील तर गार चपाती तशीच परत जाते. द्यायचंच तर मुगाची सैल खिचडी द्या, डाळ-तांदूळ समसमान, तिखट नको.

नाना_शिधावाटप
मूळ मुद्द्याला साफ विरोध. धान्य हा २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, डबा ही योजना. अनुदानाची बिलं थकली की शिवभोजन केंद्राचं शटर खाली, मग म्हातारा दाद कुणाकडे मागणार?

आहे ते नीट करा. सगळ्यात जास्त गाडं अडतं अंगठ्यावर. वयाने रेषा झिजतात, रेशन दुकानातलं अंगठा घेणारं पॉस मशीन नकार देतं, महिना संपला की धान्य बुडतं. कोमट पाण्याने हात धुऊन पुसावेत, दुसरी बोटं लावून बघावीत. नाहीच जमलं तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी किंवा डोळ्यांचं स्कॅन. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नॉमिनीची सोय आहे: शिधावाटप कार्यालयात अर्ज द्यायचा, मग नॉमिनीच्या अंगठ्यावर धान्य मिळतं. साठीपुढचा निराधार माणूस अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरिबांसाठीच्या कार्डाच्या, निकषात बसतो. तिथे घरात एकच जण असला तरी ३५ किलो.

चाळकरी
नाना, अंत्योदयचा अर्ज टाकून बघा. खिडकीवर उत्तर ठरलेलं: इष्टांक संपलाय. राज्याला मिळालेला कोटा अजून २०११च्या जनगणनेवर अडकलाय. आणि ३५ किलो मिळाले तरी दळायचं कुणी? माझा प्रश्न तिथेच आहे.

पेठकरीण
तुम्ही दोघं कार्ड असलेल्यांवर भांडताय. भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन २,००० मिळणारा जुना कामगार घ्या. वर्षाचे झाले २४,०००. ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ पेन्शनची उत्पन्नमर्यादा २१,०००, म्हणजे तीन हजारांसाठी महिन्याचे १,५०० गेले. ही मर्यादा कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. प्राधान्यची शहरी मर्यादा ५९,००० असल्याने तिथे तो बसतो, पण नाव असतं मुलाच्या केशरी कार्डावर आणि मुलगा राहतो विरारला. नमुना ९ भरून नाव कमी करायचं, दाखला घ्यायचा, मग नमुना १ भरून नवीन कार्ड. यात मुलाची सही अडते, तीही भांडण नसताना. डबा द्या नाहीतर धान्य, यादी रेशनकार्डावरूनच करणार असाल तर हा माणूस दोन्हीकडून सुटला.

नाना_शिधावाटप
हे मान्य. पण म्हणून धान्य बंद करायचं हे अजूनही पटत नाही. धान्य राहू दे, वर महिन्याला दीड किलो डाळ आणि दळणाचे पैसे खात्यात द्या.

आहारवाली
दीड किलो डाळ म्हणजे रोजचे ५० ग्रॅम, हिशेब बरोबर. फक्त मूगडाळ द्या. तूर शिजायला गॅस जास्त लागतो, आणि कुकरच्या शिट्टीला घाबरून ती न लावणारे खूप आहेत.