जीटीआयला 100 ऑक्टेन पाजण्यात अर्थ आहे का? (कोल्हापूर, ई20, आंबा घाट)

मंडळी, मदत हवी आहे.

2025च्या मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आपल्याकडे आली आणि इतकी वर्षं पोलो पळवल्यावर एकदाची हौस भागवून घेतली. दोन लिटर टर्बो, 265 पीएस, 370 न्यूटन-मीटर. आईच्या मते ही पोलोच आहे, फक्त लाल पट्टी मारलेली.

प्रश्न पेट्रोलचा आहे. गाडीला किमान 95 रॉन हवं (रॉन म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन मोजायची आपली पट्टी). इथल्या पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन एवढंच विचारतो, "साधं का पॉवर?" त्या पॉवरचा ऑक्टेन किती, हे त्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं एक्सपी100 डिसेंबर 2020मध्ये पहिल्या दहा शहरांत आलं, त्यात पुणे-मुंबई होती. माझ्यासाठी पुणे म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. लिटरला 160च्या घरात भाव. टाकी 50 लिटरची, म्हणजे दर खेपेला अडीच हजारांच्या वर जादा.

एवढं डोकं खाण्याचं कारण सांगतो. परवा साखरप्याहून आंबा घाट चढत होतो. भर दुपार, एसी चालू, गाडीत चौघं, स्टीअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलनं चौथ्यात ठेवलेली. दीड हजार आरपीएमवर पाय दाबला तर बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज. दोन सेकंद, मग गप्प. वरच्या वळणावर पुन्हा तेच.

भर म्हणून न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणतो, "आम्ही 93 घालतो, काही होत नाही." मग मी 95साठी का रडतोय?

1. नेहमी 100च घालावं का?
2. अर्धं साधं, अर्धं 100 चालेल का?
3. तो आवाज नॉकिंगचाच ना, म्हणजे इंजिनात पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटण्याचा?

घाटमाथा (उत्तर): भावाच्या 93वर जाऊ नका, त्यांची मोजपट्टीच वेगळी. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायची दुसरी, जास्त कडक पद्धत) यांची सरासरी लिहितात. त्यांचं 93 म्हणजे आपलं साधारण 98 रॉन. तो तुमच्यापेक्षा भारी पेट्रोल घालतोय.

दुसरं, आता साधं म्हणून मिळणारं ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) हेच मानकानुसार किमान 95 रॉनचं असतं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, ऊर्जा मात्र कमी. म्हणून अॅव्हरेज पडतं, नॉकिंग वाढत नाही. 100 ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद असंही नाही. दाबाखाली वेळेआधी पेटायला ते जास्त विरोध करतं, एवढंच. मिसळलंत तर ऑक्टेन ढोबळमानाने मधे कुठेतरी येतो, चालतं. पण कॅन भरून पुण्याहून आणू नका, प्लीज.

तिसरा गिअर (उत्तर): आवाज नॉकिंगचाच वाटतो, पण दोष निम्मा तुमच्या पॅडलचा आहे, रागावू नका! टर्बो इंजिनाला कमी आरपीएमवर पूर्ण लोड दिला की सगळ्यात जास्त छळ तिथेच होतो. त्यात आत येणारी हवा तापलेली. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉक सेन्सरचं ऐकून स्पार्क मागे घेतो, म्हणजे थोडा उशिरा देतो, म्हणून दोन सेकंदांत गप्प झाली. घाटात डीएसजीला (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) एसमध्ये, म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये सोडा, ती आपली आपण तिसऱ्यात येईल.

100 घ्यायचंच तर आधी ओबीडी डोंगल (इंजिनाचे आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून दोन्ही पेट्रोलांवर एकाच चढाला, दिवसाच्या एकाच वेळी टायमिंग रिटार्ड, म्हणजे स्पार्क किती मागे घेतला जातो, ते बघा. आकडे सारखेच आले तर जादा पैसे पाण्यात. रिमॅप (जादा ताकदीसाठी ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. केलीय का?

धागाकर्ता: रिमॅप नाही हो, वॉरंटी आहे अजून. काल साध्या ई20वर एसमध्ये तोच घाट चढलो. हरभरे गायब. डोंगल मागवलाय. पुढच्या महिन्यात पुण्याला लग्न आहे, येताना 100ची एक टाकी भरून आंब्यावर पुन्हा चढतो आणि आकडे इथेच टाकतो.