सल्ला हवा : इंटरनेटशिवाय, वीस वर्षांनीही सुरू होतील असे खेळ कसे निवडावेत?

भांडुपकर

नमस्कार. दिवाळीत नवा संगणक जुळवून घ्यायचा विचार आहे आणि त्यानिमित्ताने माळ्यावरचे जुने खेळ खाली काढले. २००७ ते २०१२ या काळात रीतसर पैसे मोजून घेतलेल्या डिस्क आहेत, त्यांवर ओरखडा नाही आणि पुस्तिकेच्या मागे चिकटवलेला क्रमांकही स्पष्ट वाचता येतो. तरीही त्यांतला एक खेळ इन्स्टॉल झाल्यावर अॅक्टिव्हेशनच्या खिडकीपाशी अडतो, कारण ज्या सर्व्हरकडे तो क्रमांक पडताळायला जातो तो प्रकाशकाने केव्हाच बंद केला आहे. ग्राहक सेवेकडे विचारणा केली, तेव्हा या उत्पादनासाठी आता साहाय्य दिले जात नाही, असे साच्यातले उत्तर आले.

मला मोजकेच खेळ घ्यायचे आहेत, पण ते माझेच राहिले पाहिजेत. मे महिन्यात भाचेमंडळींना घेऊन देवगडजवळच्या गावी जातो, तिथे मोबाइलला रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या कठड्यापाशी, त्यामुळे हा प्रश्न केवळ भविष्यातला नाही. संगणक बरा की कन्सोल, डिस्क घ्यावी की डाउनलोड, आणि पैसे भरण्याआधी खेळ पुढे अडेल की नाही हे कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लॅमिंग्टनचा_वाटसरू

भांडुपकर, डिस्क की डाउनलोड हा प्रश्न तुम्ही आधी विचारला आहे, पण माझ्या मते तो दुय्यम आहे. खरी परीक्षा एकच : इंटरनेटची वायर काढलेल्या, कोऱ्या संगणकावर तो खेळ इन्स्टॉल होऊन सुरू होतो का? तुमच्या डिस्क या परीक्षेत नापास झाल्या आणि डाउनलोड केलेले कित्येक खेळ पास होतात.

हे प्रकरण जुने आहे. २००८ मध्ये आलेल्या ‘स्पोर’ला सेक्यूरॉम नावाचे कुलूप होते आणि सुरुवातीला तो केवळ ३ वेळा अॅक्टिव्हेट करता येई, ओरड झाल्यावर ती मर्यादा ५ वर नेली. २०१३ च्या ‘सिमसिटी’ला एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी सतत जोडलेले राहावे लागे, पहिल्या दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि ऑफलाइन खेळण्याची सोय व्हायला मार्च २०१४ उजाडला. सर्वांत बोलके उदाहरण मात्र ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’चे आहे. त्याची संगणकावरील आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ या सेवेवर अवलंबून होती. त्या सेवेचा आधार संपल्यावर नवे क्रमांकच तयार करता येईनात, म्हणून जानेवारी २०२० मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्याची विक्री थांबली आणि मार्चमध्ये ती सेवा वगळून तो परत आला. म्हणजे कुलूप लावणाऱ्याची किल्ली हरवली, की विकणाऱ्यालाही आत जाता येत नाही.

तुमच्यासाठी माझी पहिली शिफारस जीओजी या ऑनलाइन दुकानाचीच आहे. तिथे प्रत्येक खेळासाठी ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तो एकदा उतरवून घेतला की पुढे कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्या खेळात एक ‘सेटअप’ फाइल आणि तिच्यासोबत ‘बिन’ नावाचे साधारण ४ जीबीचे तुकडे असतात, ते सर्व एकाच फोल्डरमध्ये हवेत. एक तुकडा राहिला, तर इन्स्टॉलर मध्येच थांबून तो मागतो आणि गावी बसून तो मिळण्याची सोय नसते. जीओजीचे गॅलेक्सी हे अॅप तुमच्या कामासाठी आवश्यक नाही, वेबसाइटवरून ‘ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर’ निवडा. इतर लोकांसोबत ऑनलाइन खेळण्याचा भाग तिथेही सर्व्हरवर अवलंबून असू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

स्टीम वाईट आहे असे मुळीच नाही. तिथले बरेच खेळ इन्स्टॉल झाल्यावर स्टीम सुरू न करताही चालतात, पण कोणते ते दुकान सांगत नाही. त्यासाठी पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर खेळाच्या पानावरील ‘अव्हेलेबिलिटी’चा तक्ता पाहावा. स्टीमच्या पानावर उजवीकडे, खालच्या बाजूस डेनुव्हो या कुलपाचा किंवा प्रकाशकाच्या वेगळ्या खात्याचा उल्लेख दिसला, तर तो खेळ तुमच्या यादीतून बाद करा. डेनुव्हो असलेला खेळ प्रत्येक नव्या संगणकावर सर्व्हरकडून परवाना घेतो, म्हणजे आज गावी तो चालेलही, पण पुढचा संगणक घ्याल तेव्हा पुन्हा त्याच खिडकीपाशी उभे राहाल. अनेक प्रकाशक काही काळाने डेनुव्हो स्वतःच काढून टाकतात, तेव्हा थोडे थांबणाऱ्याला खेळ स्वस्तही मिळतो आणि मोकळाही.

आणि परीक्षा मुदतीत घ्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, जीओजीवर ही मुदत ३० दिवसांची आहे.

तिसरा_मजला

सर्व माहिती मान्य आहे, पण एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न पडतो. सवलतीत पाचशे रुपयांना मिळालेला खेळ पाच वर्षे खेळलो, तर पैसे वसूल झाले. वीस वर्षांनी तो उघडून पाहण्याची निकड किती जणांना भासते?

शिवडीची_शर्वरी

तिसरा मजला, तुमच्या हिशेबात खेळ पाच वर्षे चालेल हे गृहीत आहे, ती मुदत ठरवतो मात्र प्रकाशक. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ मध्ये आला, डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून निघाला आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच एकट्याने खेळायचा भागही संपला. २०२३ मध्ये तो विकत घेतलेल्या माणसाने काय वसूल केले असेल? त्यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघातील तिच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. निकड भासणारे लोक अगदीच थोडे नसावेत.

भांडुपकरदादा, कन्सोलबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरी तोच आहे. प्लेस्टेशन ४ आणि त्याच्या डिस्क हा आजही चांगला पर्याय आहे, कारण बहुतेक खेळ डिस्कवर पूर्ण असतात आणि नको झाल्यावर विकता येतात. मात्र जुना कन्सोल घेताना त्याचे सॉफ्टवेअर ९.०० किंवा त्यानंतरचे आहे, हे पाहून घ्या. त्याआधी आतली घड्याळाची बॅटरी संपली आणि सोनीच्या नेटवर्कशी संपर्क झाला नाही, तर डिस्कवरचे खेळही सुरू होत नसत. सप्टेंबर २०२१ च्या अद्यतनात ही अडचण दूर झाली. प्लेस्टेशन ५ च्या सुट्या डिस्क ड्राइव्हला पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी ड्राइव्ह बदलायची वेळ आली तर काय, हा प्रश्न उरतोच.

निन्टेन्डोचा स्विच २ हा कन्सोल घेणार असाल, तर खोक्याच्या पुढच्या बाजूला तळाशी ‘गेम-की कार्ड’ची पट्टी आहे का ते तपासा. त्या कार्डात खेळ नसतोच, ते घालून तो डाउनलोड करावा लागतो. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली, त्यामुळे अशा कार्डाचे पंचवीस वर्षांनी काय होईल, याबद्दल मी तरी आशावादी नाही. एखाद्या डिस्कवर खेळ पूर्ण आहे का, हे ‘डझ इट प्ले’ या गटाच्या चाचण्यांतून कळते. कन्सोलची डिस्क घेण्याआधी मी तेवढे एक पाहतेच.

वकील_नव्हे_पण

‘माझेच राहिले पाहिजेत’ या अपेक्षेबद्दल थोडे. कागदोपत्री पाहिले, तर जीओजीवरही आपण वापराचा परवानाच घेतो. मुंबईकराला समजेल असे सांगायचे, तर ही पागडीची जागा आहे : रक्कम भरली, कुलूप आपले, पण इमारत मालकाची. फरक इतकाच की जीओजीच्या मालकाकडे आपल्या दाराची दुसरी किल्ली नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार डिजिटल दुकानांना ही बाब ग्राहकाला स्पष्ट सांगावी लागते आणि स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना घातली. तिच्यामुळे हक्क वाढत नाहीत, पण निदान कल्पना मिळते.

भांडुपकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जीओजीवरून सुरुवात करायची आणि एक जुना प्लेस्टेशन ४ पाहायचा, असे ठरवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. माळ्यावरच्या त्या अडलेल्या खेळासाठी इंटरनेटवर मिळणारा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल, वापरणे बेकायदा ठरेल का? आणि उतरवलेले इन्स्टॉलर नेमके कशावर साठवावेत?

वकील_नव्हे_पण

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. तांत्रिक संरक्षण भेदणे हा त्यानुसार गुन्हा आहे आणि २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो, असे कलमाचे शब्द आहेत. स्वतः विकत घेतलेला खेळ स्वतःच्या घरी सुरू करणाऱ्याला हा शब्दप्रयोग आधार देऊ शकेल, मात्र लेखी सल्ला हवा असल्यास वकिलालाच विचारावे. कायद्यापेक्षा मोठा धोका त्या फाइलमधून येणाऱ्या मालवेअरचा आहे. तोच खेळ जीओजीवर आला आहे का, हे आधी पाहा. जुने खेळ नव्या विंडोजवर चालते ठेवण्याचा कार्यक्रम त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला आहे आणि पुन्हा पैसे मोजावे लागले, तरी तो मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

लॅमिंग्टनचा_वाटसरू

साठवणुकीसाठी दोन साध्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क घ्या, एक भांडुपला आणि दुसरी गावी किंवा नातेवाइकांकडे ठेवा. एसएसडी वेगवान असते, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी ती योग्य नाही. हार्ड डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. आपल्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या डिस्कवर बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि वर्षातून एकदा दोन्ही हार्ड डिस्क जोडून एखादा इन्स्टॉलर चालवून पाहा.

जुना प्लेस्टेशन पाहायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, तर शनिवारी जा, रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. सोबत एक डिस्क घेऊन जा आणि दुकानाचे वायफाय न जोडता ती दुकानदारासमोर लावून पाहा.