2011 ची वॅगन आर थेट मालकाकडून घेतोय, काय काय बघू?

नवखाचालक
सगळं धरून बजेट दीड लाख. चिपळूणची एमएच 08 पासिंग वॅगन आर, के-सिरीज पेट्रोल, नोंदणी नोव्हेंबर 2011, दुसरा मालक, मीटर 72 हजार. मागतात 1 लाख 35 हजार. आरसीवर बँकेचं नाव आहे, पण मालक म्हणतात कर्ज केव्हाच फिटलं. गाडी पुण्यात वापरणार. रविवारी बघायला जातोय, मेकॅनिक सोबत नसेल.

सातबारा
आधी कागद. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा उतरला असं नाही. बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) आरटीओत द्यावा लागतो, आणि बँकेत खेटे घालायला कर्जदारच लागतो. "तुम्हीच करून घ्या, दोन हजार कमी करतो" म्हणाले तर सरळ नाही म्हणा. बोजा उतरलेली आरसी दिसेपर्यंत टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका.

दुसरं, नोव्हेंबर 2026 ला आरसीची 15 वर्षं संपतात. नूतनीकरणाची फी 5,000, वर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली नसेल तर तिचा खर्च. पास झाली तर पुढची 5 वर्षं मिळतात. अर्ज मुदतीच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. हा खर्च भाव करताना त्यांच्या आकड्यातून वजा करा, मालक स्वतःहून बोलणार नाहीत.

एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून विमा आणि थकलेली चलनं बघा. टीटी फॉर्म म्हणजे गाडी नावावर करायचे फॉर्म, 29 (दोन प्रती) आणि 30, दोन्हींवर तारीख घालूनच सह्या. विमा 14 दिवसांत नावावर करायचा. त्यांचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) तुम्हाला मिळत नाही.

तेलपाणी
चिपळूण म्हटल्यावर पहिला प्रश्न जुलै 2021 च्या पुराचा. मालकाला विचारा, पण विश्वास ठेवा तो सीटबेल्टवर. पट्टा शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेषा असेल तर गाडी पाण्यात होती. मग पायाखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये टॉर्च मारा. पितळी टोकांवर हिरवट थर दिसला की इंजिन कितीही गोड चालो, परत फिरा. अशा गाडीचं वायरिंग दर पावसाळ्यात नवीन ठिकाणी दगा देतं आणि इलेक्ट्रिशियनला फॉल्ट सापडत नाही.

कोकणातल्या गाडीचा पत्रा खालून सडतो. रनिंग बोर्ड (दारांखालचा पत्रा), जॅक लावायची जागा आणि स्टेपनीची खोबण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज भद्द आला तर आत लांबी (पत्र्याची पुट्टी) भरलेली आहे. खिशात लोहचुंबक ठेवा, लांबीवर तो चिकटत नाही.

गाडी आधी चालू करून ठेवू नका असं फोनवर सांगा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थांबा, थंड होऊ द्या. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा: पाण्यावर तेलकट तवंग म्हणजे हेड गास्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेल्याचा संशय. स्टार्टनंतर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. पण सुरुवातीची खडखड दोन-तीन सेकंदांत थांबली नाही तर ऑइल वेळेवर बदललेलं नसावं. क्लचसाठी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट गेली.

72 हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत क्लच पेडलचं रबर गुळगुळीत नसतं. ते झिजलेलं असेल तर मीटर मागे फिरवल्याचा संशय, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुन्या नोंदी विचारा.

नवखाचालक
धन्यवाद. आत्ता फोनवर कळलं, आधी सीएनजी किट होतं, काढून टाकलंय.

सातबारा
आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. "पेट्रोल/सीएनजी" असेल आणि गाडीत किट नसेल तर फिटनेसला अडेल. ती नोंद काढायचं कामही मालकाचंच.

तेलपाणी
आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) केल्याशिवाय घेऊ नका. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात. चिपळुणातल्याच एखाद्या गॅरेजवर होईल, अर्ध्या तासाचं काम. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकच बराच खाली असेल तर हेड उतरवावं लागेल. टायरवरचे शेवटचे चार अंकही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. चारही टायर इतके जुने असतील तर बदलायचेच. सगळं नीट निघालं तरी माझ्या मते 1 लाख 10 च्या वर जाऊ नका.