आजारानंतरचं घर: गोव्यातल्या आयांनो, लिहा (अनुभव धागा)

शिवोलीची सून

नमस्कार मंडळी. कॅन्सरचा विषय निघाला की बोलणं तपासणी, ऑपरेशन, किमो इथेच अडतं. पुढे "आता बरी आहेस ना?" असं विचारतात, आपण "हो" म्हणतो आणि विषय मिटतो. मला त्याच्या पुढचं वाचायचंय. डबे, फेस्तं (चर्चचे सण), रविवारची मीस (चर्चमधली उपासना), मुलांच्या परीक्षा, सासरची माणसं, हे सगळं परत सुरू झाल्यावर घर कसं झालं? देवाचे आभार मानता का? मानत असाल तर नेमके कशाबद्दल? मी स्वतः ख्रिस्ती आई, म्हणून तसं विचारतेय, पण धागा सगळ्यांचा आहे. नवऱ्यांनी, मुलांनी, शेजाऱ्यांनीही लिहावं. फक्त "सकारात्मक राहा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

सुरुवात मीच करते. माहेर सावंतवाडी, शाळा मराठी, लग्न करून बार्देसात आले. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी) काढल्या. किमो, रेडिएशन उरकून काही वर्षं झाली. आता रोज टॅमॉक्सिफेनची गोळी. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातला द्रव नीट वाहून जात नाही, हात सुजू शकतो. म्हणून त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, जड ओझं नाही, भाजणं-कापणं जपायचं. कागदावर हे चार ओळींत मावतं. पण डिसेंबर येतो, आणि आमच्या घरी कुसवार (नाताळचा फराळ) असतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दोदोल म्हणजे नारळाचं दूध, काळा माडाचा गूळ आणि तांदळाचं पीठ. जाड बुडाच्या भांड्यात चुलीवर तासन्‌तास ढवळायचं, हात थांबला की खाली लागलंच. मिश्रण घट्ट होत जातं तसा दांडा हलेनासा होतो, दोन्ही हातांचं बळ लागतं. आमच्याकडे हे काम सुनेचं. आजारानंतरच्या पहिल्या नाताळात मी काही बोलायच्या आत नवऱ्याने दांडा उचलला. मांय (माझी सासू) बाजूला स्टुलावर बसून हुकूम सोडत होती, "आरे, बुडाक लाव, बुडाक!" दीर मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. व्हायचं तेच झालं, तळाला लागलं. धुराचा वास आलेला तो दोदोल आम्ही तसाच वाड्यावर वाटला, आणि पलीकडच्या आंटीने ताट परत पाठवताना निरोप दिला, की यंदाचा दोदोल बरा, फेणीबरोबर चालतो! तेव्हापासून दांडा त्याच्याकडे आणि नेवऱ्या (करंज्या) कापायचं कातणं माझ्या उजव्या हातात. यावर घरात एकदाही बैठक झाली नाही, "तुला जमणार नाही" हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. जीव वाचल्याबद्दल आभार मानून झालेत. हे काम न बोलता बदललं, त्याबद्दल मात्र मी अजूनही मानते.

वाचल्याबद्दलचे मानले ते असे: मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लदीन (गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना) ठेवलं. व्हायोलिन, मेणबत्त्या, नंतर सगळ्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप, पुरुषांना त्यांचं काय ते. ऐन लदिनात गोळीमुळे येतात तशा अंगातून वाफा सुटल्या, घाम तोंडावरून निथळायला लागला. मांयला वाटलं मी भक्तीने रडतेय. तिने माझा हात धरला आणि तीच रडायला लागली. मी काही तिचा गैरसमज दूर केला नाही.

लिहा आता.

मडगावची लेक

मी आई नाही, मुलगी. मम्मीचं निदान झालं तेव्हा मी अकरावीत होते. किमोच्या दिवसांत तिला बांगडे तळल्याचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून आमच्याकडे मासळीच बंद. गोव्यात मासळी बंद म्हणजे काय ते इथे सांगायला नको. डॅडी शेजाऱ्यांकडे जाऊन जेवून यायचे आणि "भूक नाही" म्हणायचे. मम्मीच्या तोंडाला धातूची चव यायची. एका नर्सने सांगितलं, स्टीलचा चमचा सोडा, लाकडी घ्या. त्याने खरंच फरक पडला. पेज आणि मिठातलं तोर (कैरी), तेवढं जायचं.

पण लिहायचंय ते तेर्साबद्दल, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेबद्दल. आमच्याकडे संध्याकाळी चर्चची आंजेलूसची घंटा झाली की तेर्स. पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाने तिची बोटं बधिर झाली होती. ब्लाउजचं बटण लागेना, आणि तेर्साचे मणी बोटांना कळेनात. दहा झाले की पुढचा मोठा मणी येतो, तो तिला सापडायचाच नाही. कधी बारा, कधी आठ. तिला याचा जितका राग यायचा तितका केस गेल्याचा आला नव्हता. मग मी शेजारी बसून दहावं झालं की कोपराने ढोसायला लागले. खरं सांगायचं तर तोवर तेर्साला मी मोबाइल मांडीखाली लपवून बसायचे. आता बोटं बरीचशी सुधारलीत, टोकांना अजून मुंग्या येतात म्हणते. मणी कळतात, तरी दहाव्याला ती थांबते आणि माझ्याकडे बघते. मी पुण्याला शिकायला आले. व्हिडिओ कॉल लावून ठेवते आणि "ढोस गो" म्हणते. माझे मित्र हसतात.

तिने परत पहिल्यांदा मला ओरडलं ते ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. डॅडी आतल्या खोलीतून म्हणाले, "आयली परत."

वास्कोकर, मूळ नगर

मी मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. नवऱ्याच्या नोकरीमुळे वास्कोत. फेस्त, लदीन आमच्यात नाही. आम्ही चार-पाच कुटुंबं, उपासना एकमेकांच्या घरी. त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा आणि थोडा तिखट आहे.

उपचार चालू असताना एक ओळखीचे गृहस्थ प्रार्थनेला आले. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि जाताना म्हणाले, "ताई, विश्वासात कुठेतरी कमतरता आहे का, शोधा." माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, तिथेच बसून गृहपाठ करत होता. रात्री त्याने विचारलं, "आई, मी रविवारी उपासनेत झोपतो म्हणून झालं का?" त्या गृहस्थांना मी मनातून माफ केलंय असं लिहायला आवडेल, पण ते प्रकरण अजून चालू आहे.

बरी झाल्यावर सगळे म्हणाले, उपकारस्तुती ठेवा, साक्ष द्या. मी वर्षभर टाळलं. साक्षीचा एक ठरलेला साचा असतो: अंधार होता, प्रार्थना केली, उजेड पडला. माझं तसं झालं नव्हतं. मी प्रार्थना करायचे, उलटी करायचे, परत प्रार्थना करायचे. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "साचा सोडा, जे झालं ते सांगा." मग मी नावं घेतली. खालच्या मजल्यावरच्या कन्नड वहिनी, ज्यांनी माझ्या मुलाचा डबा स्वतःच्या मुलाच्या डब्याबरोबर भरला, आणि एकदाही विचारलं नाही की किती दिवस. शीर सापडेना तेव्हा "माझ्याकडे बघा, हाताकडे नको" म्हणणारी सिस्टर. आमच्या कचरा नेणाऱ्या ताई, त्या रोज जिन्यात थांबून "आज कसं?" विचारायच्या. यातलं कुणीही आमच्या मंडळीतलं नाही. एक-दोघांना ते खटकलं. खटकू दे.

म्हापशेकर

मी हिंदू, शेजारी म्हणून लिहितो. आमच्या कुंपणापलीकडच्या आंटीला झालं होतं. आमची आई दरवर्षी मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला तेल घेऊन जाते. म्हापशात हे नवीन नाही. ईस्टरनंतर पंधरवड्याने, सोमवारी फेस्त असतं, शिरगावची लईराई देवी आणि मिलाग्रीस सायबीण या बहिणी असं मानतात, त्यामुळे हिंदूंचीही रांग असते. त्या वर्षी आईने आंटीच्या नावाने तेल वाहिलं. आंटी बरी झाल्यावर चतुर्थीला आमच्याकडे माटोळीसाठी (गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या छतासाठी) तिच्या परसातली तोरिंगणं (मोठी लिंबूवर्गीय फळं) आणि सुपाऱ्यांचा घोस घेऊन आली. आई म्हणाली, "फिटलं गो." आंटी म्हणाली, "फिटूंक ना, दर वर्सा हाडटलें" (फिटलं नाही, दर वर्षी आणीन). आणते. एवढंच.

तिविम स्टेशन

नवरा. जास्त लिहिता येत नाही, कामाचं सांगतो. आमचं ऑपरेशन मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये झालं, किमो इथे बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत सवलत आहे, स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. फॉर्म हॉस्पिटलात मिळतो, तिकीट काढायच्या आधी घ्या. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, जागा मिळेलच असं नाही, तरी विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत आहे. कार्डाची मुदत बघून ठेवा, आमची संपली होती.

घरचं म्हणाल तर मुलीची वेणी घालायला शिकलो. बायको परत आली तेव्हा मुलीने तिला वेणी घालू दिली नाही, म्हणाली पप्पा घट्ट घालतात. बायको हसली, मग बाथरूममध्ये जाऊन बसली. दोघींचं आता ठरलंय: शाळेचे दिवस माझे, रविवारच्या मीसची वेणी तिची.

कोकम सरबत

मला कृतज्ञ वाटत नाही. थकवा वाटतो. दर वेळी मॅमोग्राफी जवळ आली की पंधरा दिवस आधीपासून मुलांवर ओरडते. धागा वाचून वाटलं, हेही कुणीतरी लिहावं.

शिवोलीची सून

@कोकम सरबत, बरं केलंस. तपासणीच्या आधीचे ते पंधरा दिवस माझ्याकडेही असतात. आमच्या घरी कॅलेंडरवर त्यांना लाल खूण असते, आणि मुलगा मित्राला फोनवर सांगतो, "आज घरी नको, रिपोर्टचे दिवस आहेत."

मागच्या बाकावरची

वय ६४, नातवंडं आहेत. माझा गर्भाशयमुखाचा. त्यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. रेडिएशन ओटीपोटाला होतं, त्याने आतडी आणि लघवीची पिशवी कायमची नाजूक होऊ शकते. माझी झाली. कुठेही गेले की आधी संडास कुठे आहे ते बघते. पूर्वी इगर्जीत (चर्चमध्ये) पुढून तिसऱ्या बाकावर बसायची, आता शेवटच्या बाकाच्या टोकाला, दाराजवळ. लोकांना वाटतं उशिरा आली. एका बाईने तर मुलांना उदाहरण म्हणून दाखवलं, बघा, उशीर केला की मागे बसावं लागतं! मी मीस सुरू व्हायच्या अर्धा तास आधी येऊन बसलेली असते.

पण मागच्या बाकाचे फायदे आहेत. तिथे लहान मुलांच्या आया असतात, कारण त्यांनाही पळावं लागतं. पाद्र (धर्मगुरू) सर्मांव (प्रवचन) सांगत असतो आणि आमच्याकडे बिस्किटं फुटत असतात. सप्टेंबरात मोंतीच्या फेस्ताच्या (मेरीमातेच्या जन्माच्या सणाच्या) नोव्हेनांना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, मुलं टोपलीतून फुलं आणून सायबिणीला घालतात. गेल्या वर्षी माझ्या नातीची टोपली मागेच उपडी झाली, आणि सगळ्या बाळंतिणी, मी आणि एक आजोबा बाकाखाली फुलं वेचत होतो. ८ तारखेला घरी नवं, नव्या तांदळाचे दाणे जेवणात पडले. सून म्हणाली, "मांय, तुमी सांगा प्रार्थना." मी म्हटलं, जेवूया, मासळी गार होते.

नवीन सदस्य

शेवटची किमो मागच्या आठवड्यात झाली. मुलगा चार वर्षांचा. तो रोज विचारतो केस कधी येणार. शाळेत पालकांची मीटिंग आहे. काय करू?

वास्कोकर, मूळ नगर

काही आठवड्यांत लव येते. दोन-तीन महिन्यांत डोकं झाकलं जाईल इतके येतात, बऱ्याचदा कुरळे. माझे आले तेव्हा मुलगा म्हणाला, ही दुसरीच बाई आहे.

मडगावची लेक

मीटिंगला स्कार्फ घाल किंवा नको घालू, पण आधी मुलाला विचार. माझ्या भावाला मम्मी टोपीत चालायची, विगमध्ये नको होती. विग घातला की तो दाराआड जायचा. आणि मीटिंगमध्ये गर्दीत शिंकणाऱ्यांपासून लांब बस. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट कमी असेल तर जाऊच नकोस, टीचर फोनवर बोलतात.

शिवोलीची सून

मीटिंग कुठल्या शाळेत ते इथे लिहू नकोस, पण बार्देसात असेल तर मला निरोप टाक. मी येते बरोबर, मुलाला मी बघेन.