मदत हवी आहे: बाळंतिणींच्या नैराश्य-तपासणीचा खर्च सरकारी विम्यात बसतो का?

पाणवठा
हडपसर भागातल्या वस्त्यांत आमची छोटी संस्था गरोदर बायका आणि बाळंतिणींसोबत काम करते. एडिंबरा प्रश्नावलीची मराठी प्रत वापरून नैराश्याची तपासणी सुरू करायची आहे. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मानमधून दर तपासणीमागे काही रक्कम मिळते का? ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड किंवा खासगी पॉलिसी असलेल्यांचं काय? एका रुग्णालयातून "बाळंतपणाच्या पॅकेजमध्ये टाकून बघा" असा सल्ला मिळालाय.

दप्तरदार
तो सल्ला तिथेच सोडा. पॅकेजमध्ये नसलेली गोष्ट क्लेममध्ये घुसवली की तपासणीत रुग्णालय अडकतं आणि कागदावर तुमचंही नाव असतं.

दोन्ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. ठरलेल्या उपचाराची ठरलेली रक्कम, तीही यादीवरच्या रुग्णालयाला. प्रश्नावली भरून घेणं हे ओपीडीचं काम, ते त्यात बसत नाही. कवच पाच लाखांचं झालं तरी हा ढाचा तोच आहे. बाळंतपणानंतर आजार तीव्र होऊन भरती करावं लागलं, तर मात्र मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत का ते तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) विचारायचं.

तपासणीचा पैसा विम्यातून नाही, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यातून येतो (केंद्र ६०, राज्य ४०). मागणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून वर जाते, म्हणून आधी तुमच्या भागातल्या दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठा. खरं तर वेगळी यंत्रणा उभी करायची गरजच कमी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदरपणातली तपासणी असते, आणि दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. प्रश्नावली ४२ व्या दिवसाच्या भेटीला जोडा. तिसऱ्या-सातव्या दिवशी नको. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू येणं बहुतेकींचं आपोआप ओसरतं, पण आकडे उगाच फुगतात.

बिबवेवाडीकर
ईएसआयचं उत्तर वेगळं आहे, कारण तिथे ओपीडीही मिळते. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असलेल्या कामगार बाईला आणि कामगाराच्या बायकोलाही. आधी ईएसआयचा नेमून दिलेला दवाखाना, तिथून चिठ्ठी घेऊन मोठं रुग्णालय. अडतं ते एकाच ठिकाणी: लग्नानंतर बायकोचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं. गरोदरपणाची नोंद करतानाच हे तपासा, बाळंतपणानंतर धावपळ नको. बाई स्वतः विमाधारक असेल तर २६ आठवड्यांच्या प्रसूती लाभावर, बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मिळू शकतो. डॉक्टरांच्या दाखल्यात तो संबंध स्पष्ट लिहिलेला हवा.

खासगी पॉलिसी: मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २१(४) नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण. पण "सारखंच" दोन्ही बाजूंनी लागू. पॉलिसीत तापाची ओपीडी नसेल तर नैराश्याचीही नाही.

खाडाखोड
पैशाआधी प्रश्नावलीच्या गुणांकडे बघा, घोटाळा तिथेच होतो. दहा प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण ३०. प्रश्न १, २ आणि ४ मध्ये पहिल्या पर्यायाला ०, बाकी सातांत पहिल्या पर्यायाला ३. सरसकट वरून खाली ०-१-२-३ धरलं की ठणठणीत बाई आजारी ठरते आणि आजारी बाई सुटते. प्रत्येक खुणेचे गुण छापलेला पारदर्शक कागद वर ठेवून मोजा. १३ किंवा जास्त आले तर मानसोपचार ओपीडी (ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय), १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा. निदान प्रश्नावलीवरून करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. तिकडे पाठवतानाच हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांगा.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे ० सोडून काहीही आलं तर बेरीज ४ असली तरी त्याच दिवशी हालचाल: बाईला एकटं सोडायचं नाही, टेली-मानस १४४१६ (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, चोवीस तास, मोफत), आणि रुग्णालय. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर या प्रश्नाचं उत्तर "कधीच नाही" येणारच. बाळाचं वजन करायच्या निमित्ताने त्यांना बाळासकट बाहेरच्या खोलीत पाठवता येतं.

पाणवठा
आभार. मग महापालिकेकडे अर्जात नेमकं काय मागावं?

दप्तरदार
"तपासणीसाठी निधी" असं मोघम नको. छपाई किरकोळ आहे, ती स्वतः करा. पैसे लागतात ते १३ किंवा जास्त गुण आलेल्या बायकांच्या पाठपुराव्याला: समुपदेशकाचं मानधन, बाई आणि सोबतीच्या माणसाचं ओपीडीपर्यंतचं जाणं-येणं, फोन. पहिल्या ५० प्रश्नावल्या स्वखर्चाने करा, त्यातल्या किती १३ किंवा जास्त निघतात ते मोजा आणि तो आकडा वर्षाच्या नोंदणीला लावून मागणी लिहा. सोबत कोणत्या ओपीडीत, कोणत्या वारी पाठवणार ते लिहा आणि तिथल्या विभागाचं संमतीपत्र जोडा.