एकच लाइन, चार कॉम्प्युटर आणि आतला राउटर

ए-२०३ : नमस्कार मंडळी. फायबरची एकच लाइन आहे, १०० एमबीपीएसची. इंटरनेट कंपनीचा डबा हॉलमध्ये, प्रिंटरही तिथेच वायफायवर. दोन डेस्कटॉप आतल्या खोलीत, दोन लॅपटॉप घरभर फिरतात. आत जुना राउटर लावला तर नेट चालतं, पण आतल्या कॉम्प्युटरांना प्रिंटर सापडत नाही. आत वेगळी लाइन घ्यावी लागेल का?

बी-४०१ : अजिबात नको ताई. एक विचारतो, हॉलमधून आलेली केबल जुन्या राउटरच्या कुठल्या पोर्टात घातली आहे? वॅन (बाहेरची लाइन घेणारा) लिहिलेल्या, की लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) चारांपैकी एकात?

ए-२०३ : वॅनमध्ये. वेगळ्या रंगाचा आहे तो.

बी-४०१ : गोम तिथेच आहे. फायबरचा डबा आजकाल बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो १९२.१६८.१.१५ अशासारखा खासगी पत्ता देतो आणि सगळ्यांच्या मागण्या एकाच बाहेरच्या पत्त्यावरून पाठवतो. कुठलं उत्तर कुणाला द्यायचं, याची नोंद पोर्ट क्रमांकांसकट (हे केबलचं भोक नव्हे, प्रत्येक जोडणीला दिलेला आकडा) त्याच्याकडे असते. यालाच नॅट म्हणतात. म्हणून एका लाइनीवर चारच काय, चाळीस यंत्रंही चालतात.
दुसऱ्या राउटरच्या वॅनमध्ये केबल घातली की तो आत स्वतःचं निराळं नेटवर्क मांडतो, म्हणजे नॅटच्या आत पुन्हा नॅट. आतून बाहेर जाता येतं, म्हणून नेट चालतं. पण ‘प्रिंटर कोण आहे?’ ही कॉम्प्युटरची हाक त्या राउटरपाशीच अडते.

सी-१०२ : घरात पत्ते वाटणारा एकच हवा. जुना राउटर ठेवा, फक्त त्याच्याकडून वाटपाचं काम काढून घ्या. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (पत्ते न वाटता नुसतं वायफाय देणं) असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर हाताने करा, पण क्रम चुकवू नका.
हॉलची केबल काढून एक लॅपटॉप जुन्या राउटरच्या लॅन पोर्टाला जोडा. आधी राउटरचा लॅन आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कमधला त्याचा स्वतःचा पत्ता, बदला. डब्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि मगच डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बंद करा. डीएचसीपी आधी बंद केला तर पुढच्या वेळी लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही. तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो, राउटरचं पान उघडत नाही आणि रीसेटची पिन शोधावी लागते.
शेवटी हॉलची केबल वॅनऐवजी लॅनच्या कुठल्याही पोर्टात घाला. वॅन रिकामा राहू द्या.

सी-१०२ : एक राहिलं. डब्याच्या डीएचसीपीची यादी २ पासून सुरू होत असेल तर ती १० पासून करा. नाहीतर तो एखाद्या दिवशी हाच २ क्रमांक एखाद्या मोबाइलला देऊन टाकेल आणि दोघंही अडकतील.

ए-२०३ : डेस्कटॉपला वायफाय नकोच असेल तर?

बी-६०४ : मग राउटरही नको, स्विच (एका केबलच्या अनेक वाटा करणारी पेटी) पुरतो. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा), अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेला). ५ पोर्टांच्या स्विचमध्ये एक पोर्ट हॉलच्या केबलला जातो, हाताशी ४ राहतात. सेटिंग काहीच नाही.
स्विच पत्ते वाटत नाही, नुसती वाट देतो. म्हणून तो डब्याच्या लॅन पोर्टातून आलेल्या केबलला लावायचा. डबा ब्रिज मोडवर (स्वतः राउटरचं काम न करता लाइन नुसती पुढे देणारा) असेल आणि राउटर नसेल, तर नुसत्या स्विचवर सहसा एकच कॉम्प्युटर चालतो, बाकीचे कोरडे.
आणि केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये जाऊ देऊ नका. एकच निरोप गोल गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि घरभरचं नेट बसतं. खोली झाडताना सुटलेली केबल ‘दिसेल त्या भोकात’ घातली की हेच होतं.

डी-५०३ : केबल कुठली घ्यायची? नुकतीच ओढलेली केबल आहे, पण स्पीड १०० च्या वर जातच नाही. प्लॅन ३०० चा आहे.

बी-६०४ : काका, आधी विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० ऐवजी १००/१०० दिसत असेल तर दोन शक्यता : मधल्या एखाद्या यंत्राचा पोर्टच १०० चा आहे, किंवा केबलची एखादी तार तुटली आहे. १०० ला आठपैकी चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली तार सुटली तरी नेट ‘चालतं’, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.
‘कॅट ५ई’ प्रकारची केबल पुरेशी आहे, १ जीबीपीएस १०० मीटरपर्यंत नेते. मात्र शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार वाकवताना तुटते.

डी-५०३ : जॅक मीच लावला होता.

बी-६०४ : मग तोच कापून पुन्हा लावा. जॅकची खिट्टी खाली, पितळी पिना वर आणि केबल आत जाते ती बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते, बहुतेकांचं तिथेच चुकतं. दोन्ही टोकांना हाच क्रम.
तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. तारा सरळ करून एका रेषेत कापा. क्रिम्प करण्याआधी (पकडीने जॅक दाबून पक्का करण्याआधी) जॅकच्या पुढच्या तोंडाकडून बघा, आठही टोकं टेकलेली दिसली पाहिजेत. बाहेरचं जाड आवरणही जॅकच्या आत जाऊन दाबाखाली आलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि काही दिवसांत एक सुटते.

ए-२०५ : आमच्याकडे मुलांचं बॅकअप सुरू झालं की मीटिंगमधला आवाज तुटतो. डाउनलोड तर भरपूर आहे.

सी-१०२ : ताई, अपलोड भरतंय. फोटो वर जाताना राउटरच्या रांगेत माहितीच्या पाकिटांचा ढीग साचतो आणि तुमचा आवाज त्याच्या मागे उभा राहतो. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा हे ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. आकडा प्लॅनचा नको, केबल लावून प्रत्यक्ष मोजलेला घ्या. क्यूओएस नसेल तर बॅकअपच्या अ‍ॅपमध्येच वेग बांधून टाका. मोजताना एक लक्षात ठेवा : १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. फाइल उतरवताना ११-१२ दिसलं तर लाइन पूर्ण मिळते आहे.

ए-२०३ : सगळं क्रमाने केलं, प्रिंटर दिसला! आता दोन्हीकडच्या वायफायचं नाव एकच ठेवू का?

बी-४०१ : ठेवा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकारही एकच, म्हणजे लॅपटॉप एकावरून दुसऱ्यावर आपोआप जातो. चॅनल मात्र वेगळे : २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधले ३, ४ नकोत, ते दोन्ही बाजूंना गोंधळ घालतात. आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) दोन्हीकडे बंद.

सी-१०२ : ताई, प्रिंटरचा पत्ताही आजच पक्का करा. डब्यात डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (ठराविक यंत्रासाठी पत्ता राखून ठेवायच्या सोयीत) प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि एक पत्ता भरा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. मग प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. नाहीतर वीज जाऊन आली की त्याला दुसरा पत्ता मिळू शकतो आणि तो पुन्हा ‘ऑफलाइन’ दिसेल.